बियांपासून परसबागेतील हंगामी फुले व वाटाणा

खानदेशातील काळी जमीन कापसाला मानवते, पण नाजूक बियाण्याची परीक्षा पाहते. पावसात ती चिकट होते, वाळली की भेगाळते. त्यामुळे रोपांसाठी मातीत वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून गादीवाफा किंवा कुंडी भरणे उत्तम.

पावसाळ्याच्या तोंडावर तेरडा, झेंडू, झिनिया व कॉसमॉस पेरतात. झेंडूचे बी म्हणजे काळी काडी आणि तिच्या टोकाला फिकट तूस. त्यावर जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती पुरते. रोपाला चार-पाच पाने आली की संध्याकाळी पुनर्लागण करावी. अ‍ॅस्टर, फ्लॉक्स आणि पिटुनिया ही थंडीची फुले. पिटुनियाचे बी धुळीसारखे बारीक असते, म्हणून ते मातीने झाकत नाहीत, नुसते दाबतात.

वाटाण्याला खरी ओढ थंडीची. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये अर्केल किंवा बोनविले जातीचे बी 2–3 सेंटिमीटर खोल, थेट जागेवरच पेरावे. मुळे दुखावलेली त्याला सोसत नाहीत. वेलीचे ताणे बारीक काटक्यांना सहज विळखा घालतात, जाड बांबू त्यांना पकडता येत नाही. पानांवर पांढरी भुरी दिसताच पाण्यात मिसळणारे गंधक फवारतात. फेब्रुवारीनंतर ऊन तापू लागले की फुले गळतात.

सुवासिक फुलांचा स्वीट पी हा वाटाण्याचा नातलग, पण त्याचे दाणे विषारी असतात. मुले असलेल्या घरी दोन्ही बियाणी नावे लिहून वेगळी ठेवणे अत्यावश्यक आहे.