रानातली मनोली आणि शेडमधला फिंच : थोडा इतिहास



घराच्या मागं, गोठ्याच्या पलीकडं पाखरांची शेड उभी केली. पंधरा-सोळा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा फिंच पाळायला घेतलेत. सध्या झेब्रा फिंचच्या सहा जोड्या आहेत. बघायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "ज्वारीवर रोज मनोल्यांचा थवा बसतोय. जाळं टाकून चार धरायच्या की राव. या परदेशी पाखराला पैसे कशाला घातले?"

प्रश्न रास्त आहे. आपली मनोली, म्हणजे मुनिया, आणि हा झेब्रा फिंच एकाच कुळातले. दोघांची चोच दाणा सोलायची, दोघं थव्यानं राहणारे, दोघं गवताचं घरटं करणारे. मग एक शेडमध्ये आणि एक रानात, असं का? कायदा आहे म्हणून, एवढं उत्तर पुरत नाही. तो कायदा का आला ते समजून घ्यायचं तर साडेतीनशे वर्षं मागं जावं लागतं.

जॉन फ्रायर नावाचा एक इंग्रज डॉक्टर 1670 च्या दशकात हिंदुस्थानात होता. सुरत, मुंबई इथं राहिला. 1675 साली तो जुन्नरला मोगल सुभेदाराकडं औषधोपचारासाठीही जाऊन आला. त्याचं प्रवासाचं पुस्तक 1698 मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात अहमदाबादहून येणाऱ्या लहान पाखरांची नोंद आहे. अंगावर तांबडे-पांढरे ठिपके, एकेका पिंजऱ्यात पन्नास-पन्नास, आणि एकानं सूर लावला की बाकीची साथ देतात, असं वर्णन त्यानं केलंय. ही आपली लाल मुनिया. पावसाळ्यात विणीच्या वेळी नर लालभडक होतो आणि अंगावर पांढरे ठिपके उठतात. हंगाम सरला की तोच नर मादीसारखा मातकट दिसायला लागतो.

अहमदाबादचं नाव त्या पाखराला कायमचं चिकटलं. इंग्रजीत त्याला 'अवदवत' म्हणतात, तो अहमदाबादचाच अपभ्रंश. 1758 मध्ये स्वीडनच्या लिनिअसनं शास्त्रीय नाव दिलं त्यातही 'अमंदावा' आलं. म्हणजे आपल्याकडचं एक चिमुकलं पाखरू तेव्हाच जहाजातून युरोपच्या दिवाणखान्यात पोचलं होतं, आणि नावात बाजारपेठ घेऊन गेलं होतं.

आता यातली मेख बघा. ही सगळी पाखरं धरलेली होती, पैदास केलेली नव्हती. रानात जाळं टाकायचं, दोन-चार पाळीव पाखरं आवाजासाठी जवळ ठेवायची, थवा उतरला की ओढायचं. वाटेत मेलेल्यांचा हिशोब कोण ठेवतो? रान मोफत होतं, म्हणून पाखरू स्वस्त. आणि पाखरू स्वस्त, म्हणून मेलं तरी कुणाला झळ नाही. हा धंदा तीनशे वर्षं असाच चालला. रंग फिका असेल तर बाजारात मुनियांना हिरवा-पिवळा रंग फासून विकायचे. अजूनही कुठं कुठं विकतात.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली झाला, तरी मुनियांचा व्यापार आणि निर्यात पुढं बरीच वर्षं चालूच होती. 1990-91 मध्ये देशी जंगली पक्ष्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी आली. तोवर काही जातींचं नुकसान होऊन गेलं होतं. हिरवी मुनिया फक्त भारतात सापडते. अबूच्या पहाडाकडं तिचं नाव निघतं. आज ती जगाच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आहे, आणि त्यामागचं एक मोठं कारण पिंजऱ्यासाठी झालेली धरपकड हेच आहे.

आता दुसरी गोष्ट जपानची. आपल्या कोकणात, सह्याद्रीत पांढऱ्या पाठीची मुनिया असते. तिच्याच जातीची पाखरं चीनकडून जपानात गेली. जपान्यांनी अडीचशे वर्षांपूर्वीपासून ती पिंजऱ्यात पैदा केली. नुसती ठेवली नाहीत, पिढ्यानपिढ्या निवड केली. चांगली पिल्लं वाढवणारी जोडी ठेवायची, बुजणारी बाजूला काढायची. आपण बैलासाठी, शेळीसाठी करतो तेच. त्यातून जे पाखरू तयार झालं त्याला इंग्रजीत 'बंगाली फिंच' म्हणतात, पण बंगालशी त्याचा काही संबंध नाही. ते इतकं माणसाळलं की दुसऱ्या जातीच्या फिंचची अंडी खाली ठेवली तरी उबवतं आणि पिल्लं वाढवतं.

झेब्रा फिंचचंही तसंच. मूळ ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला. तिथं पावसाचा भरवसा नाही, म्हणून पाऊस पडला, गवताला दाणा आला की लगेच अंडी घालायची, अशी याची रीत. एकोणिसाव्या शतकात तो युरोपात गेला आणि पिंजऱ्यात सहज विणायला लागला. 1960 पासून ऑस्ट्रेलियानं आपल्या पाखरांची निर्यात बंद केली. त्यामुळं आज आपल्याकडं मिळणारा झेब्रा फिंच हा पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेला आहे. प्रयोगशाळांतही तो इतका रुळला की कोंबडीनंतर ज्या पक्ष्याची जनुकं पूर्ण वाचली गेली तो हाच, 2010 साली.

तर मंडळी, फरक हा आहे. मनोली म्हणजे रानगवा आणि झेब्रा फिंच म्हणजे गाय. कूळ एक असलं म्हणून कुणी रानगवा दावणीला बांधत नाही. एक जोडी झेब्रा विकत घेतली तर कुठल्या रानातलं पाखरू कमी होत नाही. चार मनोल्या धरल्या तर चार कमी होतात, आणि गावात चार पोरं तेच शिकतात.

कुणी म्हणेल, मनोली पीक खाते त्याचं काय? खाते, नाही म्हणत नाही. बाजरी-ज्वारीच्या कणसावर बसते. पण वर्षातले बाकीचे महिने बांधावरच्या गवताचं बी वेचते, आणि लाल मुनिया पिल्लांना किडेही चारते. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, डबा वाजवायचा, हे आपल्या बापजाद्यांनी केलंच. पाखरू हुसकावणं वेगळं आणि धरून पिंजऱ्यात घालणं वेगळं. दुसऱ्यासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता शेडबद्दल, कारण तिथंही हा इतिहास कामाला आला.

शेड दहा बाय सहा फूट, उंची आठ. तोंड पूर्वेला, सकाळचं ऊन आत येतं. पश्चिमेची बाजू विटांनी बंद, कारण आपला पाऊस तिकडून झोडपतो. मागची चार फूट जागा पत्र्याखाली, बाकी जाळी. कोरड्या मुलखातलं पाखरू आहे, त्याला ओल आणि वाऱ्याचा झोत सोसत नाही.

जाळी अर्ध्या इंचाची. त्याहून मोठी घेऊ नका. खाली दोन फूट सपाट पत्रा, पाया दीड फूट खोल आणि आत कोबा, नाहीतर घूस पोखरून येते. नव्या जाळीवर जस्ताचे कण असतात, पाखरू ते कुरतडतं आणि विषबाधा होते. म्हणून व्हिनेगर लावून ब्रशनं घासली, धुतली आणि मग बसवली.

दार दुहेरी. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. लोक म्हणतात एवढ्याशा पाखराला एवढा बंदोबस्त कशाला. पण आपली लाल मुनिया आज स्पेनमध्ये आणि फिजी बेटांवर मोकळी फिरते, ती माणसानं नेलेली, पिंजऱ्यातून सुटलेली. परक्या मुलखातलं पाखरू इथल्या रानात सुटू नये ही जबाबदारी पाळणाऱ्याचीच.

खायला राळा आणि बाजरी, कधी हिरव्या गवताचं कणीस, पाला. समुद्रफेण आणि भाजून चुरलेलं अंड्याचं कवच कायम ठेवायचं, मादीला अंड्यासाठी चुना लागतो. पाणी रोज ताजं. घरट्याला वाळलं गवत द्यावं, सुतळी-दोरा नको, पायात अडकतो. दोन-तीन वेळा पिल्लं निघाली की घरटी काढून घ्यायची. हा पाऊस-पाण्याची वाट बघणारा पक्षी, शेडमध्ये दाणापाणी बारमाही, म्हणून अंडी घालणं थांबवतच नाही आणि मादी झिजते. कोंबड्यांपासून शेड लांब ठेवा, रोग इकडचे तिकडं जातात.

राळ्याचं एक बरं. एक वाफा पेरला की वर्षाचा दाणा घरचा होतो, आणि त्याच वाफ्यावर रानातल्या मनोल्याही उतरतात. त्या बाहेर खातात, ही आत खातात. मला दोन्ही थवे बघायला मिळतात, आणि त्यासाठी जाळं टाकावं लागत नाही.

बाजारात, यात्रेत कुणी मुनिया विकताना दिसला, साधी असो की रंगवलेली, तर दया येऊन विकत घेऊन सोडू नका. त्यानं धंदाच वाढतो, तो दुसऱ्या दिवशी तेवढ्याच धरून आणतो. वन विभागाचा 1926 हा नंबर लावा.

शेडची मापं कुणाला हवी असतील तर सांगा, कागदावर काढून टाकतो.