कटिवेधोत्तर शिरःशूल : उपचारांचा इतिहास

कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मस्तिष्क-मेरुद्रव काढल्यानंतर किंवा त्यात संवेदनाहारक औषध सोडल्यानंतर काही रुग्णांना, बहुधा दोन-तीन दिवसांत, होणारी डोकेदुखी. उभे राहिल्यास ती वाढते व आडवे होताच ओसरते, हीच तिची खूण होय. दृढावरणाला (मेरुरज्जूभोवतीच्या बाहेरील जाड आवरणाला) पडलेल्या छिद्रातून द्रव पाझरत राहिल्याने मेंदूचा आधार कमी होतो, त्याची आवरणे ताणली जातात आणि रक्तवाहिन्या विस्फारतात.

हाइन्रिख क्विंके यांनी १८९१ मध्ये कटिवेधाचे तंत्र प्रसिद्ध केले. जर्मनीतील कील येथे ऑगस्ट १८९८ मध्ये शस्त्रक्रियाविशारद आउगुस्ट बीअर (१८६१–१९४९) यांनी कोकेनचा प्रयोग स्वतःवर करवून घेतला. पिचकारी सुईला नीट बसेना. औषध सांडले आणि बराच द्रव वाहून गेला. त्या रात्री बीअर व त्यांचे साहाय्यक हिल्डेब्रांट यांनी मद्य व चिरूट यांचा आस्वाद घेतला. पुढील डोकेदुखीचे खापर त्यावर सहज फोडता आले असते. परंतु नऊ दिवस अंथरुणात काढलेल्या बीअर यांनी द्रवहानीकडेच बोट दाखविले.

कारण असे आरंभीच हाती आले, तरी सुमारे साठ वर्षे उपचार मात्र विश्रांती, भरपूर पाणी आणि पोटाला पट्टा एवढ्यावरच थांबले. सक्तीच्या विश्रांतीने ही डोकेदुखी टळत नाही, हे पुढे पाहण्यांतून दिसून आले. तान्ह्या मुलाला घेऊन बसूही न शकणाऱ्या बाळंतिणींना तर तो सल्ला जाचकच होता.

सुई घालताना रक्त आलेल्या रुग्णांत ही डोकेदुखी कमी आढळते, असे अमेरिकी शल्यचिकित्सक जेम्स गॉर्मली यांच्या ध्यानात आले. त्यावरून १९६० मध्ये त्यांनी रुग्णाचेच २-३ मिलि. रक्त दृढावरणाबाहेरील जागेत सोडण्याचा उपाय मांडला. रक्त गोठून छिद्र बुजते. जंतुसंसर्गाच्या भीतीने अनेकांनी तो स्वीकारला नाही. १९७० मध्ये डीजोव्हानी व डनबार यांनी १० मिलि. रक्त वापरून उत्तम परिणाम दाखविल्यावर हे ‘रक्ताचे ठिगळ’ रूढ झाले. आता सुमारे २० मिलि.पर्यंत रक्त देतात. कधी ते पुन्हा द्यावे लागते. ताप वा रक्तस्रावाची प्रवृत्ती असल्यास ते टाळतात. रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या कॅफिनाने मिळणारा आराम बहुधा तात्पुरताच असतो.

प्रतिबंधाचा मार्ग सुईच्या टोकात होता. हार्ट व व्हिटाकर यांनी १९५१ मध्ये पेन्सिलीसारख्या टोकाची सुई पुढे आणली. ती आवरणाचे तंतू कापण्याऐवजी बाजूला सारते. बाळंतपणातील संवेदनाहरणात ती सर्रास वापरली जाऊ लागली. निदानासाठीच्या कटिवेधात मात्र धारदार सुईची सवय त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिली.