ग्वाल्हेर ते झाशी: सेंट ज्यूडच्या यात्रेला आजारी माणसं नेताना

झाशीतल्या सेंट ज्यूडच्या तीर्थमंदिरात दरवर्षी २८ ऑक्टोबरला सण असतो. त्याआधी नऊ दिवसांची नोव्हेना. उत्तर भारतातल्या कॅथलिक भाविकांसाठी हे मोठं ठिकाण आहे आणि हिंदू, मुस्लिम, शीख कुटुंबंही इथे मेणबत्ती लावायला येतात. ग्वाल्हेरहून झाशी साधारण शंभर किलोमीटर. धडधाकट माणूस सकाळी निघून रात्री घरी परत येतो. पण गटात व्हीलचेअरवरचे आजोबा असतील, डायलिसिस चालू असलेली बाई असेल, किंवा फिट येणारा मुलगा असेल, तर हेच शंभर किलोमीटर आधीपासून आखावे लागतात.

सेंट ज्यूड म्हणजे येशूच्या बारा प्रेषितांपैकी एक, यूदा तदेयुस. येशूला पकडून देणारा यूदा इस्कर्योत वेगळा, पण नाव तेच. या सारखेपणामुळे लोक याचा धावा करायला कचरत, अशी कथा आहे. म्हणूनच तो सगळीकडून दारं बंद झालेल्यांचा कैवारी ठरला. डॉक्टरांनी हात टेकलेले आजार, वर्षानुवर्षं अडकलेली कामं, न सुटणारं व्यसन, सगळं गाऱ्हाणं त्याच्यापाशी. आपल्याकडच्या नवसासारखंच हे. झाशीचं मंदिर माल्टाचे कॅपुचिन बिशप फ्रान्सिस झेवियर फेनेक यांच्या पुढाकारातून उभं राहिलं आणि त्याच्या पायात सेंट ज्यूडच्या अस्थीचा अंश पुरलेला आहे, असं सांगितलं जातं.

झाशी धर्मप्रांत १९५४ चा. ग्वाल्हेरचा धर्मप्रांत त्यातूनच १९९९ मध्ये वेगळा झाला. मराठी वाचकाला ही दोन्ही गावं शिंदे आणि नेवाळकरांमुळे ओळखीची. १८८६ मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी शिंद्यांना परत दिली आणि बदल्यात झाशी घेतली. त्या अदलाबदलीचा माग आजही दिसतो: ग्वाल्हेर मध्य प्रदेशात, झाशी उत्तर प्रदेशात. डबरा, दतिया ओलांडलं की राज्य बदलतं. खासगी बस ठरवताना तिचा परमिट दोन्ही राज्यांत चालतो का, हे आधी विचारून घ्यायचं. नाहीतर हद्दीवर दोन तास जातात आणि आजारी माणूस बंद गाडीत बसून राहतो.

बेळगाव, खानापूर, मिरजेकडून

सीमाभागातून जाणाऱ्यांसाठी सोयीची गोष्ट म्हणजे वास्को ते हजरत निजामुद्दीन धावणारी गोवा एक्स्प्रेस (१२७७९). लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, भोपाळ करत ती झाशी आणि पुढे ग्वाल्हेरला जाते. गाडी बदलावी लागत नाही, आणि आजारी माणसासोबत असताना हे फार मोलाचं. अडचण एकच, झाशी येते ती प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी, रात्री उशिरा. त्या वेळी सामान, व्हीलचेअर आणि झोपेतून उठलेली आजी, सगळं काही मिनिटांत उतरवायचं असतं. म्हणून मुक्कामाची खोली स्टेशनच्या जवळची आणि आधी ठरवलेली हवी. स्टेशनचं नाव आता 'वीरांगना लक्ष्मीबाई झाशी' असं आहे. तिकीट काढताना 'झाशी' सापडलं नाही म्हणून गोंधळायचं नाही.

नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं. २६ ऑक्टोबरला निघायचं असेल तर २७ ऑगस्टच्या सुमाराला तिकीट काढायला बसावं लागतं. दिवाळी याच आठवड्यांच्या आगेमागे येते, त्यामुळे उशीर केलेल्यांच्या वाट्याला वेटिंगच. एका फॉर्मवर जास्तीत जास्त सहा नावं बसतात. त्यामुळे गटाचे तुकडे पाडताना प्रत्येक आजाऱ्याचं नाव त्याच्या सोबत्याच्याच फॉर्मवर ठेवायचं. हे चुकलं की आजोबा एका डब्यात आणि त्यांची सून चार डबे सोडून, असा प्रकार होतो. खालचा बर्थ कोणाला लागणार हेही तेव्हाच लिहून घ्यावं.

सवलतींबाबत गैरसमज बरेच आहेत. कर्करोग, डायलिसिस वगैरे रुग्णांना मिळणारी रेल्वेची सवलत उपचारासाठीच्या प्रवासाला आहे, यात्रेला नाही. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. पण सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीला कोणत्याही कारणाच्या प्रवासात सवलत आहे. स्लीपर आणि थ्री एसीला ती ७५ टक्के असते, आणि सोबतच्या एका माणसालाही मिळते. त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र लागतं. ते काढायला वेळ जातो, म्हणून जून-जुलैतच हालचाल करावी.

सोबत्याचं काम

आजाऱ्यांची सामुदायिक यात्रा कशी असते, याचं जगभरचं उदाहरण म्हणजे फ्रान्समधलं लूर्द. १८५८ मध्ये बर्नादेत या मुलीला तिथल्या गुहेत मरियेचं दर्शन झालं, अशी श्रद्धा आहे. तेव्हापासून तिथे आजारी माणसांना घेऊन गट येतात आणि त्यांची गाडी ढकलणं, भरवणं, रात्री जागणं हे स्वयंसेवक करतात. आजारी माणूस त्या यात्रेत पाहुणा असतो आणि बाकीचे त्याच्या दिमतीला. आपल्याकडे अनेकदा उलटं होतं. आजारी माणसाला 'घेऊन जायचं' म्हणून नेतात आणि गर्दीत तोच मागे राहतो.

प्रत्येक आजाऱ्यामागे एक नावानिशी ठरलेला सोबती हवा. सोबत्याने स्वतःची मिस्सा, स्वतःचा नवस दुसऱ्या वेळी करायचा, हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं. त्याच्या खिशात एक कागद: आजार काय, गोळ्या कुठल्या, कधी घ्यायच्या, कशाची ॲलर्जी, घरचा फोन, डॉक्टरांचा फोन. औषधं चार दिवस जास्तीची घ्यायची आणि ती हातातल्या पिशवीत ठेवायची, बर्थखालच्या बॅगेत नाही. इन्सुलिन थंड पिशवीत. मधुमेह्याजवळ काहीतरी गोड असलंच पाहिजे, कारण सणाच्या दिवशी जेवण वेळेवर मिळेलच असं नाही. डायलिसिसवरच्या माणसाचा एक फेरा निघण्याच्या आदल्या दिवशी व्हावा आणि पुढचा चुकू नये. ग्वाल्हेरहून एका दिवसात हे जमतं, बेळगावहून जमत नाही. अशा माणसाला दक्षिणेकडून नेऊ नये, हे नाराजी पत्करूनही सांगावं लागतं.

गर्दीत उभं राहणं हा आजाऱ्याचा सगळ्यात मोठा त्रास. सणाच्या आदल्या दिवशी दोघांनी पुढे जाऊन बसायची जागा, सावली, पाणी आणि व्हीलचेअर जाईल असं शौचालय बघून यावं. ज्यांना गर्दी झेपणार नाही त्यांना सणाचा हट्ट नको. नोव्हेनाच्या आधल्या एखाद्या दिवशी मंदिर शांत असतं. पण श्रद्धेपोटी २८ तारखेलाच जायचा आग्रह असतो आणि घरातल्यांना तो मोडवत नाही. क्षयाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय गर्दीत जाऊ नये.

रस्त्यात तब्येत बिघडली तर दोन्ही राज्यांत १०८ वर रुग्णवाहिका मिळते. झाशीत महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज आहे, ग्वाल्हेरात गजराराजा मेडिकल कॉलेजशी जोडलेलं जयारोग्य रुग्णालय. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीकृत रुग्णालयातही चालतं, ते घरी विसरायचं नाही.

गोळ्या बंद करायच्या नाहीत

अशा यात्रांत खरा धोका प्रवासात कमी आणि परत आल्यावर जास्त असतो. 'आता बरं वाटतंय' म्हणून बीपीची, फिटची, मानसिक आजाराची गोळी बंद केली जाते. क्षयाची औषधं मध्येच सोडली तर आजार उलटतो आणि मग साध्या औषधांना दाद देत नाही. कॅथलिक चर्चची भूमिका इथे स्पष्ट आहे. बरं होण्यासाठीच्या प्रार्थनांवर व्हॅटिकनने २००० मध्ये काढलेल्या सूचनेत प्रार्थना आणि उपचार एकमेकांच्या आड येत नाहीत, असंच म्हटलेलं आहे. लूर्दमध्ये तर १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. हजारो लोकांनी बरं झाल्याचं तिथे नोंदवलं, आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेलं सत्तरावं प्रकरण २०१८ मध्ये आलं. एवढी कडक चाळणी चर्चच लावतं, तर गटप्रमुखाने 'तिथे गेलं की हमखास गुण येतो' असं माइकवरून सांगायचं कारण नाही.

याला कायद्याचीही बाजू आहे. मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश, दोन्हीकडे २०२१ पासून प्रलोभन दाखवून धर्मांतर करण्याविरुद्ध कायदे आहेत. शेजारची हिंदू मावशी स्वतःहून 'मीही येते' म्हणाली तर तिने जरूर यावं. मात्र तिच्या घरच्यांना माहीत असावं, खर्च तिचा तिने द्यावा आणि बरं होण्याचं आश्वासन तिला कोणी देऊ नये. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे, हेही गटातल्या सगळ्यांना माहीत असलेलं चांगलं.

परतीची गोवा एक्स्प्रेस (१२७८०) दुपारी दिल्लीहून निघते आणि रात्रीच्या सुमाराला झाशीत येते. २८ तारखेची संध्याकाळची मिस्सा आणि तीच गाडी गाठायची धावपळ आजारी माणसांना झेपत नाही. त्यांची तिकिटं २९ ची काढावीत आणि २९ ची सकाळ झोपेला द्यावी.