पेठा का मालवतात?

आजच्या अहिल्यानगराहून, म्हणजे जुन्या अहमदनगराहून, सोलापूरकडे जाणारा रस्ता दक्षिणेस उतरत गेला की कर्जत तालुक्यात मिरजगाव लागते. त्याच्या पूर्वेच्या अंगास सीना वाहते, आणि सीनेपलीकडचा आष्टीचा मुलूख १९४८ सालापर्यंत हैदराबाद संस्थानात मोडत असे. शाळूची राने, बेभरवशाचा पाऊस, दोन राज्यांची शीव आणि मधून जाणाऱ्या मालाच्या वाटा, एवढ्या भांडवलावर ह्या बाजूची बाजारगावे उभी राहिली. मिरजगाव, जामखेड, खर्डा ही त्यांतलीच. त्यांपैकी खर्ड्याची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. कारण इतरत्र जे थोडे थोडे घडले, ते तेथे पुरतेपणी घडले.

खर्डा म्हटले की मराठी माणसास ११ मार्च १७९५ ची लढाई आठवते. निजामअलीचा पराभव, परशुरामभाऊ पटवर्धनांचे सेनापत्य आणि सवाई माधवरावांच्या कारकिर्दीचा तो अखेरचा विजय, हे सारे शाळेच्या पुस्तकांतून मुखोद्गत झालेले असते. परंतु लढाई एका दिवसात आटोपली. पेठ त्याच्या आधीही चालत होती आणि नंतरही कित्येक वर्षे चालली. निंबाळकरांचा किल्ला आणि वाडा ह्यांच्या आश्रयाने वसलेल्या ह्या गावी व्यापारी, दुकानदार व सावकार मिळून पाचशेच्या वर असामी असल्याची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सरकारी गॅझेटियरात आहे. आसपासच्या खेड्यांतून व वरच्या बालाघाटातून धान्य, देशी कापड व इतर जिन्नस येथे येत आणि पश्चिमेस पुण्याकडे रवाना होत. मंगळवारचा गुरांचा बाजार तर साऱ्या जिल्ह्यात मोठा गणला जाई. आज खर्डा हे जामखेड तालुक्यातील एक गाव आहे. मोठे खरे, पण गावच.

पेठ वसविणे ही पूर्वी राजसत्तेची हौस होती आणि गरजही. सरकारातून कौल मिळे, नव्याने येणाऱ्या उदम्यास काही वर्षे करांची माफी असे, शेटे व महाजन हे वतनदार नेमले जात आणि व्यापाऱ्यांना बोलावून बोलावून जागा दिल्या जात. कौलाने माणूस येतो. तो टिकावयाचा तर दारावरून माल जावा लागतो. ही गोष्ट आपल्याकडे फार पुरातन आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषेतील व्यापारी वृत्तांतात पैठण आणि तगर ह्या नगरांतून गाड्या भरून माल बिकट वाटांनी भडोचच्या बंदरी जात असल्याचे लिहिले आहे. तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर. ज्या बालाघाटाचे धान्य पुढे खर्ड्यास उतरू लागले, त्याच डोंगरपठारावरच्या बाजूचे हे नगर. रोमचा व्यापार आटला, वाटा फिरल्या आणि तेर एक खेडे होऊन राहिले. तेथील दुकानांच्या फळ्या कधी कायमच्या लागल्या हे लिहून ठेवण्याचे कोणास सुचले नाही. दुकानदारांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही.

रेल्वेपूर्वीच्या काळी देशावरचा माल वंजाऱ्यांच्या तांड्यांनी आणि पुढे बैलगाड्यांनी पश्चिमेकडे जाई. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, तेव्हा पुण्यावरून पनवेलच्या बंदरापर्यंत गाडी सरळ जाऊ लागली. बैल दिवसाकाठी किती चालतो ह्यावर मुक्काम ठरत. मुक्कामाच्या गावी वैरण लागे, नाल ठोकणारा लागे, आखाची डागडुजी करणारा सुतार-लोहार लागे. मापारी, हमाल, अडत्या, सराफ ह्यांची साखळी मागोमाग येई. सराफाचे तर ह्या शिवेवर दुहेरी काम होते. संस्थानात हाली शिक्का आणि इंग्रजी मुलखात कलदार रुपया, तेव्हा सीना ओलांडणाऱ्या प्रत्येक व्यवहारास नाणेबदलाचा वटाव पडे. संस्थानची जकात निराळीच. हा वटाव शेतकऱ्याच्याच पदरातून जात असल्याने, संस्थान विलीन झाल्यावर काही वर्षांत हाली नाणे उठून गेले, त्याबद्दल हळहळ करण्याचे काही कारण नाही.

पेठेच्या मुळाशी घाव पडला तो लोखंडी सडकेने. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली सुरू झाली, पुण्यास आगगाडी १८५८ मध्ये आली आणि सोलापुरास १८६० मध्ये पोहोचली. पुढे १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ पडला. त्या दुष्काळात पोटासाठी खडी फोडणाऱ्या मजुरांचे हात लागून दौंड-मनमाड फाटा १८७८ साली पुरा झाला. हा मार्ग श्रीगोंद्याच्या अंगाने नगरास गेला. मिरजगाव, जामखेड, खर्डा ही सारी त्याच्या पूर्वेस राहिली. एवढ्यावर निभावले असते. परंतु १८९७ साली बार्शीची अरुंद रूळांची लाइट रेल्वे निघाली आणि १९११ साली ती लातुरास जाऊन भिडली. बालाघाटाचा जो माल खर्ड्याच्या वाटेने पश्चिमेस येत असे, त्याला आता दक्षिणेस बार्शीकडे उतरणे स्वस्त पडू लागले. एका बाजूस दौंड-मनमाड, दुसऱ्या बाजूस बार्शी-लातूर, आणि मध्ये ही जुनी पेठ.

दुकाने काही एका दिवसात बंद पडत नाहीत. गॅझेटियरातील वरील नोंद दौंड-मनमाड गाडी सुरू होऊन काही वर्षे लोटल्यानंतरची आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रथम मोठी पेढी हलते, कारण तिला हलण्याची ऐपत असते. थोरला मुलगा नगरास किंवा बार्शीस अडत घालतो, दिवाणजी मागे राहून वसुली पाहतो. मग वखार रिकामी होते आणि हमालाची मजुरी बुडते. हमाल, गाडीवान कमावीनासे झाले की शिंप्याची, कासाराची विक्री घटते. सर्वांत शेवटी उरतो तो मीठ-मिरचीचा वाणी. पेठ उघडी दिसते, परंतु तिच्यातून घाऊक व्यापार निघून गेलेला असतो.

ह्यात पतीचाही एक धागा आहे, आणि तो बहुधा विसरला जातो. ह्या दुकानांत शेतकऱ्याचे खाते सुगीपासून सुगीपर्यंत चाले. बी-बियाणे, लग्नाचे कापड, सरकारी सारा, सारे त्याच वहीवर. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे ह्या वह्यांवर लोकांचा राग उसळला आणि तो वणवा नगर जिल्ह्यातही पसरला. कर्जखते जळाली. १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. सावकारी जुलमास आळा बसणे अवश्यच होते. परंतु सावकाराने हात आखडता घेतला आणि त्याची जागा भरून काढणारी सहकारी पतपेढी गावोगाव उभी राहण्यास विसावे शतक उजाडावे लागले. मधल्या काळात दुकान बंद झाले म्हणजे जुलूम गेला आणि बियाणेही गेले, अशी गत कित्येक घरांची झाली असली पाहिजे.

मिरजगाव मात्र तगले, कारण त्याची वाट मेली नाही. तिच्यावर बैलाऐवजी मोटार आली. राज्य परिवहनाची पहिली एस्‌टी १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्यास सुटली, हा मान ह्याच जिल्ह्याचा. एस्‌टीने बाजारगावांचा तोंडवळाच पालटला. जुनी पेठ देवळा-वेशीच्या आधाराने आत असे. आता गिऱ्हाईक थांब्यावर उतरू लागले, तेव्हा दुकानांनी गावाकडे पाठ आणि सडकेकडे तोंड केले. बाजारसमित्यांच्या १९३९ च्या व मागाहून १९६३ च्या कायद्यांनी भुसाराचा लिलाव दुकानाच्या ओट्यावरून उठून आवारात गेला. तोल उघड्यावर आला, हे शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगलेच झाले. आतल्या पेठेस मात्र तो आणखी एक धक्का होता. अलीकडे घरबसल्या मोबाईलवरून माल मागविण्याची सोय झाली, त्यामुळे दुकाने बुडाली असे जो तो म्हणतो. बुडाली असतीलही, पण त्या ओट्यावरचा मोठा व्यापार त्यापूर्वीच दोनदा-तीनदा उठून गेलेला होता.

नगर-बीड-परळी ह्या रेल्वेमार्गाची मागणी फार जुनी. त्यावरील नगर ते न्यू आष्टी एवढ्या टप्प्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये प्रवासी गाडी धावली. दौंड-मनमाड मार्गास पूर्वेकडे हा जोड मिळण्यास एकशे चव्वेचाळीस वर्षे लागली. गाडी कडा-आष्टीवरून जाते. खर्डा व मिरजगाव ह्याही खेपेस बाजूलाच राहिली आहेत.