वाळवंटांतील मुक्कामाची सिद्धता व जुन्या पत्रांचें प्रामाण्य

खोतान, निया, लोलान हीं नांवें आतां आमच्या वाचकांस अपरिचित राहिलेलीं नाहींत. तेथील वाळूंतून निघालेल्या ब्राह्मी व खरोष्ठी लेखांविषयीं विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे. परंतु ते लेख ज्या मुक्कामांत हातीं आले त्या मुक्कामाची तयारी कशी केली होती, पाणी कोठून आणिलें, उंटांस काय चारिलें, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. हा विषय प्रवासवर्णनाचा, संशोधनाचा नव्हे, अशी समजूत दिसते. आमच्या मतें ती बरोबर नाहीं. लेखाचें प्रामाण्य आणि शिध्याचें ओझें यांचा संबंध फार निकटचा आहे. तोच येथें दाखविण्याचें योजिलें आहे.

इ. स. 1890 मध्यें लेफ्टनंट बोवर यांस कुचा येथें भूर्जपत्रांची एक पोथी विकत मिळाली. गुप्तलिपींतील त्या पोथींत ‘नावनीतक’ हा वैद्यकग्रंथ निघाला, व डॉ. हॉर्नले यांनीं ती संपादून प्रसिद्ध केली. तेव्हांपासून काशगर येथील इंग्रज व रशियन अधिकारी जुनीं पत्रें विकत घेऊं लागले. मागणी वाढली तसा पुरवठाहि वाढला. खोतानचा इस्लाम आखून नांवाचा मनुष्य कोणत्याहि ज्ञात लिपीशीं न जुळणाऱ्या अक्षरांचीं पुस्तकें आणून देऊं लागला. हॉर्नलेसाहेबांसारख्या व्युत्पन्न पंडितानें त्यांचा कसून अभ्यास केला. परंतु तीं खरीं कीं खोटीं, हें कलकत्त्यास किंवा लंडनास बसून निश्चित ठरणें कठीण होतें. त्याचा निर्णय वाळवंटांत जाऊन, तेथें कांहीं दिवस राहूनच व्हावयाचा होता.

आणि तेथें राहणें हीच तर मोठी अडचण. 1895 च्या एप्रिलांत स्वेन हेडिन हे चार सेवक व आठ उंट घेऊन तकलामकानांत शिरले. वाटेंतील शेवटच्या सरोवरावर दहा दिवसांचें पाणी भरून घेण्याची त्यांनीं आज्ञा केली होती. सेवकांनीं त्याहून पुष्कळ कमी भरलें, व तें ध्यानांत आलें तें वाळूच्या टेकड्यांत बरेंच आंत गेल्यावर. दोघे सेवक मेले, आठांपैकीं एकच उंट वांचला. हेडिन स्वतः खोतान नदीच्या कोरड्या पात्रांतील एका डबक्यापर्यंत कसेबसे पोंचले, व मागें पडलेल्या सोबत्यासाठीं त्यांनीं आपल्या बुटांत भरून पाणी नेलें. पुढें 1900 च्या मार्चांत, दुसऱ्या प्रवासांत, पाण्यासाठीं खणावयाची वेळ आली, तों फावडें मागल्या मुक्कामीं विसरलेलें! तें आणावयास गेलेला वाटाड्या वादळांत भटकला, व त्यास कोरीव लांकडें असलेलीं पडकीं घरें दिसलीं. तेंच लोलान. परंतु जवळचें पाणी संपत आलेलें असल्यामुळें हेडिन यांस तेथें थांबतां आलें नाहीं. 1901 च्या मार्चांत ते पुनः गेले तेव्हांच उत्खनन झालें. विसरलेल्या फावड्यानें स्थळ दाखविलें हें खरें. पण त्या स्थळाचा इतिहास हातीं आला तो पाण्याची तजवीज झाल्यावर.

डॉ. ऑरेल स्टाईन हे संस्कृतज्ञ म्हणून आमच्या वाचकांस ठाऊक आहेतच. त्यांनीं सिद्ध केलेली राजतरंगिणीची संहिता 1892 सालीं मुंबईसच प्रसिद्ध झाली. 1900 च्या मे महिन्याच्या अखेरीस ते काश्मीरांतून निघाले, व काशगर येथें कांहीं आठवडे राहून त्यांनीं उंट, माणसें व सामान जुळविलें. वाळवंटांत शिरण्यास त्यांनीं मुद्दाम हिंवाळा निवडला; कारण त्या दिवसांत माणसांस व जनावरांस पाणी कमी लागतें, आणि जें लागतें तें बर्फ करून नेतां येतें.

डिसेंबरांत दंदान-उइलिक या स्थळीं जातांना 30 मजूर व चार आठवड्यांचा शिधा बरोबर होता. घोड्यांस पुरेल इतकें दाणापाणी नेणें शक्य नव्हतें, म्हणून घोडे परत पाठविले व सर्व मंडळी पायींच निघाली. उंटांचा चारा नेणेंहि अशक्यच. त्याऐवजीं प्रत्येक उंटास एक दिवसाआड सुमारें अर्धा पौंड मोहरीसारख्या बियांचें तेल पाजीत, व तेवढ्यावर तीं जनावरें टिकाव धरीत. कांहीं माणसें आधींच पुढें पाठवून मुक्कामाच्या जागीं विहिरी खणविल्या होत्या. खेड्यांतील मजूर कडाक्याच्या थंडीस भीत आणि वाळवंटांतील भुतांस त्याहूनहि भीत. त्यांचें मन वळविणें हाहि तयारीचाच भाग होता. तुर्दी नांवाचा वृद्ध जाणता मनुष्य वाटाड्या होता. रात्रीं पारा फारेनहाइटच्या शून्याखालीं दहा अंशांपर्यंत उतरे, व शेकोटीस लांकूड मिळे तें त्या उजाड वस्तीच्या, हजार वर्षांपूर्वीं वाळून गेलेल्या बागांचें.

जानेवारी 1901 मध्यें नियाकडे जातांना इमाम जाफर सादिक येथील तळ्याचा बर्फ फोडून पोत्यांतून व जाळ्यांतून नेला. 1906 च्या डिसेंबरांत लोलानास जातांना हीच युक्ति मोठ्या प्रमाणावर योजिली: उंटांवर बर्फ, गाढवांवर बर्फ, व अर्ध्या वाटेवर त्याचा सांठा.

या सर्व खटाटोपाचें फळ काय? दंदान-उइलिक येथें ब्राह्मी लिपींतील बौद्ध संस्कृत ग्रंथांचीं पत्रें व इ. स. 781 ते 790 च्या दरम्यानचे चिनी कागद एकाच वस्तींत, आपापल्या जागीं सांपडले. त्यामुळें वस्ती ओसाड पडल्याचा काळ अजमावतां आला. निया येथें प्राकृत भाषेंतील खरोष्ठी काष्ठपट्टिका, कित्येक मातीच्या मुद्रांसह, ज्या घरांत ठेविल्या होत्या त्याच घरांत मिळाल्या. आणि इतके आठवडे खणूनहि त्या ‘अज्ञात लिपी’चें एक चिटोरेंहि निघालें नाहीं. एवढा आधार हातीं घेऊन स्टाईन यांनीं एप्रिल 1901 मध्यें खोतान येथें इस्लाम आखून याची उलटतपासणी केली, तेव्हां त्यानें कबुली दिली: आरंभीं खऱ्या अक्षरांची नक्कल, मग मनास येतील तीं अक्षरें, पुढें तर लांकडी ठशांनीं छपाई, आणि कागद धुरानें काळवंडून वाळूंत पुरून काढावयाचे. हा वाद पंडितांच्या तर्कानें मिटला नाहीं; चार आठवड्यांच्या पिठानें व पाण्यानें मिटला.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. जातांना पीठ व बर्फ वाहणारे उंट परततांना पेट्या वाहूं लागले. 1907 सालीं तुन्-ह्वांग येथून हस्तलिखितांच्या 24 व चित्रादि वस्तूंच्या 5 पेट्या बाहेर गेल्या. चिनी विद्वान् यास लूट म्हणतात, व 1930-31 मध्यें स्टाईन यांचा चौथा प्रवास त्या विरोधामुळें फसला. ज्यांच्या स्वतःच्या देशांतील पोथ्या समुद्रापार गेल्या आहेत त्यांस ही तक्रार अवास्तव वाटूं नये. लंडन व नवी दिल्ली येथें त्या संग्रहाचे भाग आज सुरक्षित आहेत. पण सुरक्षितता म्हणजे स्वत्वाचा निवाडा नव्हे.

आमच्या संग्राहकांस यांतून घेण्यासारखा बोध साधा आहे. एखाद्या गांवीं अर्धा दिवस जाणाऱ्यास तेंच पत्र मिळतें जें दाखविणारा प्रथम पुढें करितो. जो चार दिवसांची भाकरी बांधून जातो, त्यास माळ्यावरील रुमाल स्वतः सोडतां येतो, शेजारचें पत्र कोणतें, बांधणी कोणाच्या हातची, हें पाहतां येतें. पत्र कोठें, कोणत्या रुमालांत, कशाच्या सोबतीनें मिळालें, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. त्या टिपणावांचून घेतलेलें पत्र कितीहि जुनें दिसो, त्याच्या बाजूनें साक्ष देणारा कोणी उरत नाहीं.