फिरकीचा तांब्या

परवा माळा आवरताना आईचा फिरकीचा पितळी तांब्या सापडला. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. त्याआधी आम्हां रत्नागिरीकरांना मुंबईला जायचं तर एसटी. प्रवासातली पाण्याची सोय म्हणजे हा तांब्या. झाकण फिरवून घट्ट बसवलं की घाटातल्या वळणांवरही थेंब सांडत नसे.

आई तो घरूनच भरून घ्यायची. वाटेत कोणाच्याही हातचं पाणी नको म्हणून! नातेवाईक मंडळी, रागावू नका, पण खरं ते लिहायला हवं. रेल्वे स्टेशनांवर तर स्वातंत्र्यापूर्वी 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळं मिळे.

आमची गाडी महाडला थांबे. तिथल्याच चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक ओंजळीने पाणी प्यायले. पुढे शाळेत मी हा इतिहास वर्षानुवर्षं शिकवला. आईच्या मांडीवरच्या तांब्याशी त्याचा संबंध मात्र निवृत्तीनंतर कळला.

आता सीलबंद बाटली कोणी भरली, हे कोण विचारतो?

तांब्या चिंचेने घासून ठेवलाय. पुढच्या प्रवासाला नेईन आणि शेजारच्याला आधी विचारीन, "पाणी घेणार का?"