गवताची ऊब

अमेरिकेतील सीमावर्ती वसाहतकऱ्यांचे घर म्हटले की ओंडक्यांची झोपडी आणि तीत धगधगणारे लाकूड डोळ्यांपुढे येते. पूर्वेकडील अरण्यांत ते चित्र खरेही होते. ओंडक्यांमधील फटी शेवाळ व चिखलाने बुजवून वारा अडविला जाई. परंतु १८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वये १६० एकर जमिनीच्या आशेने नेब्रास्का, कॅन्सस व डकोटाच्या माळरानांवर उतरलेल्या कुटुंबांना वृक्ष क्वचितच दिसत. भिंतींना लाकूड नव्हते, तसे चुलीलाही नव्हते.

तेथे गवतच कामी आले. मुळांनी घट्ट विणलेली माती नांगराने कापून तिचे तुकडे, गवताची बाजू खाली ठेवून, विटांसारखे रचीत. दोन-तीन फूट जाडीच्या या भिंती ऊब आत राखीत. छत मात्र पावसाळी दिवसांत गळे. जळणासाठी बायसनचे वाळलेले शेण वेचीत. आपल्या गोवऱ्यांचेच ते भावंड!

१८८०-८१ च्या हिवाळ्यात बर्फाने रेल्वे अडली आणि डकोटातील डी स्मेट गावातील कोळसा संपला. तेव्हा लोक वाळल्या गवताचे घट्ट पीळ वळून जाळू लागले. पीळ पाहता पाहता राख होई. म्हणून कोणी ना कोणी सतत गवत पिळीत बसे. लॉरा इंगल्स वाइल्डर यांनी बालपणी सोसलेला हा हिवाळा त्यांच्या १९४० च्या 'द लाँग विंटर' या कादंबरीत आला आहे.

जमीन नावावर होण्यास कायद्याने पाच वर्षांचे वास्तव्य मागितले होते. म्हणजेच पाच हिवाळे. कागदावर ही अट लहान दिसते. गवत पिळून सोललेल्या हातांना ती तशी खचितच वाटली नसेल.